सात गळ्यांचा मामा

५ जानेवारी
नोंग बुआदेंग

मामा,

पाकिटावर सरकारी गरुड बघून दचकला असशील तर बरंच झालं. सरपंचाच्या कचेरीतून उचललंय. साधं पाकीट तू उघडलंच नसतंस. फोन तर तू घेत नाहीस, आणि घेतलास तरी त्या बर्फाच्या कारखान्यात तुला काय ऐकू येणार, डोंबल.

पत्ता कुठून मिळाला विचारशील. नवीन वर्षाला काजूचं खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण खोक्यावर कारखान्याचा शिक्का एवढा मोठा, खाली रानोंग बंदर. चोरी करावी तर अशी. आईनं काजू खाल्ले नाहीत. फेकलेही नाहीत. डब्यात भरून फळीवर ठेवले आणि तेव्हापासून डब्याकडे पाठ करून भात वाफवते. मी रोज मूठभर खाते. वरून भरलेला दिसावा म्हणून तळाला चिंचोके घालते.

मी नुई. अक्षरावरून कळलंच असेल. नववीला मास्तर म्हणाले होते, हिच्या वहीवर कोंबडी सोडली तरी यापेक्षा बरं लिहील. तेव्हा मी वही घेऊन घरी आले ती आलेच.

आधी चांगलं सांगते. मेनची औषधं पावसाळ्यात संपली. रक्त साफ आहे. केस आलेत. मेन म्हणजे साळिंदर, असं नाव ठेवलेलं पोरगं आणि एवढे दिवस डोक्यावर एक काटा नाही, आता असे ताठ उभे राहतात की आजी म्हणते याच्यावर नारळ खरवडता येईल. शाळेत जातो, मारामाऱ्या करतो, परवा मास्तरांनी आईला बोलावून तक्रार केली. आई घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होती. पोराची तक्रार आली म्हणून भेटेल त्याला सांगत सुटली.

मग घरात नवस फेडायची धांदल उडाली. आजीनं तळ्याकाठच्या चिंचेखालच्या देवाला उकडलेली अंडी बोलली होती. टोपलीभर वाहिली, देवानं वास घेतला आणि आम्ही आठवडाभर अंडी खाल्ली. बाबा डोकं भादरून मठात राहून आले. मी कोंबडीचा वेश करून देवळापुढे नाचेन असं बोलले होते. हॉस्पिटलच्या जिन्यात रडता रडता बोलले होते, मला वाटलं देव विसरेल. आजी विसरली नाही. सगळं गाव बघायला आलं, मामा. पिसं अजून कानातून निघतात.

सगळ्यांचे नवस फिटले. एक राहिलाय, आईचा. आणि तो तुझ्या गळ्यात आहे.

तुला हे माहीत नाही, कारण तुझं आणि तिचं वाजलं त्याच्या आधीची गोष्ट आहे ही. मेनला पहिल्यांदा हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी ती उदबत्ती लावून चिंचेखाली बसली आणि म्हणाली, पोरगं चालत घरी आलं तर माझा भाऊ तुझ्यापुढे राक्षसाचा सिनेमा बोलेल. स्वतः. माईकवर, सगळ्यांचे आवाज काढून. आजी शेजारीच होती. आता बोल. अंडी बोलावीत, डोकं बोलावं, स्वतःचं. दुसऱ्याचा गळा कुणी देवाला कबूल करतं? आपल्या घरात करतात.

आणि मग तिनंच तो गळा बंद केला.

ते तुला सांगायला नको, पण मी जे पाहिलं ते सांगते. वॉर्डातल्या टीव्हीचा आवाज गेलेला. तू खुर्चीवर उभा राहून सगळ्यांचे आवाज काढायचास, बातम्या सांगणारी बाईसुद्धा. तिला तू भांडकुदळ सासू केलं होतंस. पोरं सलाईनसकट हसायची. नर्स राचनी दाराआड उभी राहून ऐकायची, मग आत येऊन ओरडायची. आणि एके दिवशी मेननं विचारलं, उद्या पाठीत सुई आहे का. तू राक्षसाच्या आवाजात म्हणालास, माझ्या राज्यात उद्या सुई नाही, उद्या घरी.

दुसऱ्या दिवशी सुई होती. मेन रडला नाही, त्यानं भिंतीकडे तोंड केलं. तू आलास की तो भिंतीकडे वळायचा. आई तुला व्हरांड्यात म्हणाली, माझ्या पोरासमोर पुन्हा तोंड उघडू नकोस.

तू एवढं ऐकणारा कधीपासून झालास? तिनं पोरासमोर म्हटलं होतं. तू माईकसमोरही बंद केलंस आणि जाऊन बर्फ फोडत बसलास.

तर ऐक. आई फाफा भरवतेय, दानाची जत्रा. मठासाठी नाही, हॉस्पिटलसाठी. तुला आठवतं, ती मेनच्या पलंगाखाली चटई टाकून झोपायची आणि पाऊस आला की व्हरांड्यातल्या बाया भिजायच्या. वॉर्डामागची चादरींची जुनी खोली हॉस्पिटल द्यायला तयार आहे. तिला छप्पर, मोऱ्या, चूल घालायची. लांबून आलेल्या आयांनी तिथं राहायचं, भात करायचा, पोराला आपल्या हातचा घास भरवायचा. त्यासाठी नोटांचं झाड उभं राहणार, लोक बांबूला नोटा खोचणार. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, देवाच्या मैदानात, आपला ट्रक, आपला पडदा. आणि राक्षसाचा सिनेमा.

त्या रिळांना आवाज नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. तुझ्यावाचून तो राक्षस नुसता तोंड उघडतो आणि मिटतो, तलावातल्या माशासारखा.

ये.

नुई


१९ जानेवारी

मामा,

उत्तर नाही. ठीक. मी उत्तराची वाट बघत नाही, मी पोस्टर रंगवते.

ट्रकच्या दोन्ही अंगांना लावलंय. "सात गळ्यांचा खामसेन! राक्षस, ऋषी, राजकन्या, म्हातारी, हरीण, सेनापती आणि पोपट, सगळे एकाच तोंडातून!" खाली तुझं चित्र. मिशा मी आपल्या मनानं घातल्या, भारदस्त दिसतोस. बाबा म्हणाले, तो येणार नसेल तर? मी म्हटलं, मग लोक पैसे परत मागतील का? झाडाला खोचलेली नोट देवाची झाली, परत कोण मागतो. बाबा म्हणाले, तुला शाळेतून काढलं तेच बरं झालं, शिकली असतीस तर तुरुंगात गेली असतीस.

काढलं नव्हतं. मी आले होते.

आईनं पोस्टर पाहिलं. मी भोंग्याच्या मागे लपले. ती हात पुसत उभी राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, त्याचं नाक एवढं मोठं नाहीये. एवढंच. मग आत गेली, मग परत बाहेर आली आणि म्हणाली, काढ ते. मी म्हटलं, चार गावं फिरवून झाली की काढते. ती काही बोलली नाही. मामा, ती काही बोलली नाही म्हणजे काय ते तुला कळतं, तू तिच्यासोबत लहानाचा मोठा झालास.

आम्ही रोज संध्याकाळच्या आत ट्रक घेऊन फिरतो. मी भोंग्यावर. सुरुवातीला मी नीट बोलत होते, दान करा, पुण्य घ्या, आजारी लेकरं, वगैरे. लोक हात जोडायचे आणि घरात जायचे. मग मी तुझी सासू काढली. तू करायचास तशी नाही जमत, पण जमते. "अगं ए, तांदूळ विकून नवा फोन घेतलास ना, दिसतोय इथून! झाडाला काय खोचतेस, बसचं तिकीट?" बाया हसत हसत बाहेर येतात. आपल्या सरपंचानं एक हिरवी नोट धरली होती, सगळ्यात छोटी. मी भोंग्यावर म्हटलं, आपले दानशूर सरपंच लाल नोट खोचत आहेत, पुण्याला हात जोडून सगळ्यांनी ‘साधू’ म्हणा. गावानं तीनदा साधू म्हटलं. गावानं साधू म्हटल्यावर हिरवी कशी खोचणार? लाल खोचली. आता मला बघितलं की रस्ता बदलतो. पाकिटांचं अजून त्याला कळलेलं नाही.

पण नुसती फसवाफसवी नाही. बान खाम गावच्या भाजक्या कोंबडीवालीनं दिवसभराचा गल्ला तसाच दिला. आईनं तिला ओळखलं नाही. ती म्हणाली, तू हॉस्पिटलच्या फाटकापाशी रोज फक्त चिकट भात घ्यायचीस, मी वर तंगडी ठेवायचे, तू खाली बघून जायचीस. आईला वाटायचं ती बाई चुकून ठेवते. चुकून, रोज! आई तिच्या गळ्यात पडली. दोघींना कोळशाचा धूर लागला म्हणून डोळे पुसत होत्या असं त्या म्हणाल्या. चूल विझली होती.

आई म्हणते, ज्यांनी आपल्याला दिलं त्यांना परत द्यायला गेलं तर ते घेत नाहीत. मग पुढच्याला द्यायचं, दुसरा रस्ताच नाही.

आता वाईट. आईनं तुझ्यावाचून नवस फेडून बघितला. गेल्या आठवड्यात कुणाला न सांगता बाबांकडून दुसरा बोलका सिनेमा लावून घेतला, देवापुढे रिकाम्या खुर्च्या मांडल्या. सिनेमा सुरू झाला आणि जनरेटर खोकला आणि मेला. बाबा म्हणतात डिझेलमध्ये पाणी. आजी म्हणते देवाला गळा ओळखता येतो. पुजारी पुन आजोबा म्हणाले, समोन, जे बोललीस तेच द्यावं लागतं, बदली चालत नाही, हे काय शाळेतलं हजेरीपत्रक आहे?

त्या दिवसापासून आई मेन झोपला की त्याच्या मानेला, काखेत हात लावून बघते. गाठ आहे का. मेन जागा असतो. मला म्हणाला, गुदगुल्या होतात पण मी हसत नाही, तिला वाटेल मला काही झालंय.

मी त्याला विचारलं, मामाला बोलावू का. तो बराच वेळ टायर फिरवत बसला. मग म्हणाला, "त्याला सांग, खोटं बोलायचं असेल तर हरणाच्या आवाजात बोल. राक्षसाच्या नको."

जसं म्हणाला तसं लिहिलंय.

नुई


४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मिळालं. "पोस्टर काढ. खामसेन." बापरे, हात दुखला असेल. एवढं लांबलचक लिहायची सवय नाही ना तुला.

पोस्टर काढलं नाही. मिशा काढल्या, त्यावर समाधान मान.

या पत्रासोबत पार्सल आहे, सांभाळून उघड, काच आहे. आत खारवलेले आवळे. आता त्याची गोष्ट.

आपल्या घरात खारवलेले आवळे फक्त तू खायचास, खेळाच्या आधी, गळ्यासाठी. तू गेल्यापासून ती बरणी पालथी पडली होती, आत कोळी राहायचा. परवा मी बघते तर कोळी बेघर, बरणी धुऊन उन्हात. आई आवळ्यांना सुया टोचत बसलेली. मी म्हटलं, हे कुणाला? म्हणाली, आजीला खोकला आहे. आजी तिकडून म्हणाली, मला कुठला खोकला? आई म्हणाली, येईल.

तिनं बरणी काजूंच्या डब्याशेजारी ठेवली. मुरायला लागल्यावर मी उचलली. पोस्टात नेताना तिनं मला फाटकाशी पकडलं. माझ्या हातातलं बोचकं बघितलं. मी म्हटलं, मैत्रिणीला चपला देतेय. तिनं फडकं बाजूला केलं, झाकण उघडलं, एक आवळा चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." आत गेली, मूठभर मीठ आणून घातलं, झाकण घट्ट लावलं, आणि मला म्हणाली, चपला उलट्यापालट्या होऊ देऊ नकोस, गळतील.

आता मला सांग, हे तिनं तुला बोलावलं की नाही? मला विचारशील तर बोलावलं. तिला विचारशील तर ती म्हणेल चपला.

तू असं समजू नकोस की ती तुझ्यावर रागावलीय आणि संपलं. मला वाटतं तिला स्वतःचा राग येतो. त्या दिवशी वॉर्डात मेननं आधी तिलाच विचारलं होतं, उद्या सुई आहे का. ती म्हणाली, मामाला विचार. मी पलंगाच्या पायथ्याशी बसले होते, मी ऐकलं. तू बाहेर बर्फाचं सरबत आणायला गेला होतास, तू नाही ऐकलंस.

हे मी तिला कधी म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. तुलाही सांगणार नव्हते, पण शाई संपवायची होती.

नुई


२० फेब्रुवारी

मामा,

घाईत लिहितेय, टपालवाला स्कूटर सुरू करून उभा आहे आणि शिव्या देतोय.

शनिवारी वॉर्डातली काही पोरं येणार आहेत, डॉक्टरांनी ज्यांना सोडलंय ती. नर्स राचनी सोबत. तिनं विचारलं, तो आवाजवाला येणार का, पोरांना मी सांगून बसलेय. नवी पोरंही तुझी गोष्ट ऐकून आहेत. जुन्यांनी नव्यांना सांगितली. वॉर्डात गोष्टी अशाच राहतात.

झाड तयार आहे. बांबूला नोटांच्या चिमण्या, पंखे, फुलं करून लावलीत. आजीनं एक नोट घडी घालून हत्ती केला, तो डुकरासारखा दिसतो पण कुणी बोलत नाही.

आणि एक. सोमवारी मेनची तपासणी आहे. पाठीतलं पाणी काढून बघणार. नेहमीचीच आहे, सगळे म्हणतात नेहमीचीच आहे. आई दिवसभरात त्याच्या मानेला किती वेळा हात लावते ते मी मोजायचं सोडून दिलं. तिला देवाचं देणं त्याच्याआधी फिटलेलं हवंय. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय. विनोद नाही यात कुठे, शोधू नकोस.

रानोंगहून शुक्रवारी संध्याकाळची गाडी धरलीस तर पोचतोस.

नुई


३ मार्च

मामा,

तू पहाटेच्या गाडीनं कुणाला न उठवता निघून गेलास. बाबा म्हणाले, त्याची रजा तेवढीच होती. आजी म्हणाली, न जेवता गेला. मेन म्हणाला, न सांगता गेला. आईचं शेवटी सांगते.

तू दिवसभर माझ्याशी चार वाक्यं बोललास, त्यातली दोन शिव्या होत्या, पोस्टरवरच्या नाकाबद्दल. तर आता मला बोलू दे. तू पडद्याकडे तोंड करून बसला होतास. मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. ते सांगायलाच हे पत्र आहे.

तू मैदानात आलास तेव्हा उजेड होता. आई पपईची कोशिंबीर कुटत होती. तुला बघून तिचा मुसळीचा हात थांबला नाही, पण त्या उखळात पपई नव्हती. ती तेव्हापासून नुसती मिरची कुटत होती. त्या मिरचीनं सरपंचाची जीभ भाजली. देव आहे.

मग खुर्च्या. पहिली रांग देवाची, रिकामी ठेवायची, फुलं ठेवून. ते तुला माहीत आहे. पण वॉर्डातली पोरं गाडीतून उतरली आणि तोंडाला मास्क, डोक्याला टोप्या, सरळ जाऊन देवाच्या रांगेत बसली, कारण मागून त्यांना दिसत नव्हतं. आजीनं छातीवर हात मारला. राचनी त्यांना उठवायला धावली. पुन आजोबांनी काठी आडवी धरली आणि म्हणाले, "बसू दे गं. देव काय, उभ्यानं बघेल. त्याचे पाय दुखत नाहीत."

मेनही तिथंच जाऊन बसला. टोपीवाल्यांच्या मधोमध एकटाच काटेवाला. शेजारच्या पोरीनं त्याच्या केसांना हात लावून बघितला आणि विचारलं, खरे आहेत? मेन म्हणाला, ओढून बघ. तिनं ओढले. मामा, तो ओरडला तेव्हा तू ऋषीचा आवाज काढत होतास म्हणून तुला ऐकू आलं नसेल.

ती बायतोय. तुझ्या लक्षात राहिलीच असेल, पण तू तिचा फक्त आवाज ऐकलास. एवढीशी, पिवळी टोपी, हाताला पट्टी. तू राक्षस सुरू केलास, गुहेतून बाहेर येतो तो, आणि सगळं मैदान गप्प झालं. तुझा गळा तसाच आहे. बर्फानं काही बिघडवलं नाही. आणि ती उभी राहिली आणि पडद्यालाच म्हणाली, "ए राक्षसा, पाठीतली सुई दुखते का?"

तू थांबलास. पडद्यावर राक्षस तोंड उघडत होता आणि मिटत होता. बाबांनी रीळ थांबवायला हात नेला, पण थांबवलं नाही. मी आईकडे बघितलं. तिच्या हातात मुसळी होती आणि ती अशी उभी होती जशी त्या दिवशी व्हरांड्यात उभी होती. मेनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आणि तू म्हणालास, त्याच आवाजात, "दुखते."

मग म्हणालास, "मी डोंगराएवढा आहे. मलाही दुखते. आईचं बोट धरायचं आणि ओरडायचं. मी ओरडतो तेव्हा झाडावरची माकडं पडतात."

बायतोय खाली बसली. बस, एवढंच हवं होतं तिला. मेननं तिच्याकडे वाकून काहीतरी सांगितलं. नंतर मी त्याला विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, मी सांगितलं, खरं बोलतोय तो, दुखते, पण नंतर सरबत मिळतं.

मामा, मी हे पुन्हा वाचून बघते. तो म्हणाला, खरं बोलतोय तो.

पुढे तू म्हातारी सुरू केलीस आणि तुझा आवाज फाटला. सगळ्यांना वाटलं म्हातारीच घशात खाकरतेय, टाळ्याही पडल्या. तेव्हा तुझ्या कोपराशी कुणीतरी आवळ्यांची वाटी ठेवली. तू मान वळवली नाहीस, डोळे पडद्यावर, एक आवळा तोंडात टाकलास, आणि म्हातारीच्याच आवाजात, माईक चालू असताना, म्हणालास, "नुई, मीठ कमी आहे."

सगळ्या मैदानानं ऐकलं. सगळं मैदान हसलं.

मी नव्हते, मामा. मी झाडाशी होते, नोटा खोचायला लागलेली रांग सांभाळत. तुझ्या मागे आई होती.

ती तिथंच उभी राहिली. तू राजकन्या झालास, पोपट झालास, सेनापतीला मारलंस, ती हललीच नाही. खांद्यावरच्या फडक्याचं टोक तोंडात धरून हसत होती, खांदे हलत होते, आणि मग कळेना हसतेय की काय करतेय. आजीनं येऊन तिचा हात धरला आणि दोघी तुझ्या पाठीकडे बघत बसल्या, सिनेमा सोडून. सिनेमा त्यांना पाठ आहे. पाठ दिसली नव्हती एवढ्या दिवसांत.

शेवटी दिवे लागले तेव्हा लोकांनी तुला घेरलं आणि ती पपईच्या उखळाकडे निघून गेली. मला वाटलं आता जाईल, आता बोलेल. तू ट्रकखाली जाऊन झोपलास. दोघंही सारखी गाढवं आहात, हे मी प्रेमानं म्हणते.

झाड एवढं वाकलं की उचलायला तीन गडी लागले. डुकरासारखा हत्ती वर टोकाला होता. चादरींच्या खोलीला आता छप्पर होईल, चूलही होईल. कोंबडीवालीनं सांगितलंय, उद्घाटनाला सगळ्या आयांना तंगड्या तिच्याकडून, यावेळी उघड उघड. राचनी तुला सांग म्हणाली की वॉर्डातला टीव्ही दुरुस्त झाला होता, पोरांनी त्याचा आवाज पुन्हा बंद करून टाकलाय. त्यांना आता स्वतः बोलायचं असतं. बायतोय राक्षस करते. चांगला करते म्हणे, माकडं पडतात.

सोमवारी मेनच्या पाठीत सुई घातली. तो आईचं बोट धरून असा ओरडला की शेजारच्या खोलीतला डॉक्टर धावत आला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, काही एवढं नव्हतं, मी राक्षस करून बघितला. काल निकाल आला. साफ. पाणी साफ, रक्त साफ. आईनं कागद डोक्याला लावला, मग चिंचेखाली गेली. मी मागून गेले. उदबत्ती लावून ती देवाशी बराच वेळ काहीतरी बोलत बसली. मी जवळ गेले तर म्हणते, नवस नाही बोलत गं, आभार मानतेय. नवस बोलायची भीती वाटते आता, कुणाचा गळा देऊन बसेन.

आणि खेळाच्या रात्रीपासून, मामा, तिनं मेनच्या मानेला हात लावलेला नाही. मेननं मला सांगितलं. जरा तक्रारीच्याच सुरात सांगितलं.

काजूचा डबा तिनं आज फळीवरून काढला. झाकण उघडलं, वरचे चार खाल्ले, हात आत घातला आणि चिंचोके लागले. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रानोंगचे काजू असेच असतात, खाली कडक. तिनं मला लाटण्यानं मारलं, पण हळू.

मी तुला पत्र लिहितेय हे तिला माहीत आहे. समोर बसून आवळ्यांना सुया टोचतेय. मी विचारलं, मामाला काही लिहू का तुझ्याकडून? ती म्हणाली, काय लिहायचंय. मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याला म्हणावं, माझी बरणी त्याच्याकडे आहे. ती परत दे."

मी म्हटलं, पार्सल करायला सांगू?

म्हणाली, "पोस्टानं नको. फुटते."

तिकडे जाताना फुटली नव्हती.

नुई